घर पाहावं बांधून : एका डोंगरावरच्या घराची चाळीस वर्षं



‘घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून’ असं आपल्याकडे म्हणतात. लग्न चार दिवसांत पार पडतं आणि पाहुणे आपापल्या गावी जातात. घराचं तसं नसतं. आमच्या मळ्यात घर बांधायचं ठरलं तेव्हा सासूबाईंचं म्हणणं एवढंच होतं की दोन खोल्या, सोपा, स्वयंपाकघर आणि देव्हाऱ्याला पूर्वेची जागा असावी. कागदावर ते घर दर महिन्याला वाढत गेलं. आधी माडी आली, मग माडीवर गच्ची, आणि मग गच्चीवर नातवंडांसाठी आणखी एक खोली. सोसायटीचं कर्जही त्याच वेगानं वाढत होतं.

त्याच दिवसांत एका घराची हकिगत वाचायला मिळाली आणि ती मनातून जाईना. घर दूरच्या देशातलं आहे आणि बांधणारा आपल्या धर्माचा नाही. तरी स्वाध्यायात आपण ज्यावर नेहमी बोलतो, तेच त्यात दिसलं. म्हणून आज ती सांगते.

अमेरिकेत व्हर्जिनिया नावाचं राज्य आहे. तिथले थॉमस जेफरसन हे अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष. १७७६ साली इंग्रजांपासून स्वतंत्र होण्याचा जो जाहीरनामा निघाला, तो मुख्यतः त्यांनीच लिहिला. सर्व माणसं जन्मतः समान आहेत, हे त्यातलं वाक्य जगभर गाजलं. हेच जेफरसन आयुष्यभर एक घर बांधत राहिले. त्याचं नाव माँटिचेलो. इटालियन भाषेत त्याचा अर्थ छोटा डोंगर.

जेफरसन चौदा वर्षांचे असताना वडील वारले. वारशात पुष्कळ जमीन आली, तिच्यात हा डोंगर होता. व्हर्जिनियातले जमीनदार सहसा नदीकाठी घर बांधत, कारण मालाची ने-आण नदीतून होई आणि पाणीही जवळ असे. जेफरसन यांनी मात्र डोंगराचा माथा निवडला, कारण तिथून चहूकडचा देखावा दिसतो. एका निवडीची किंमत किती वर्षं मोजावी लागते, ते पुढे कळेल.

१७६८ साली माथ्यावरची अडीचशे फूट लांब आणि तेवढीच रुंद जागा सपाट करण्याचं काम त्यांनी एकाला दिलं. मोबदला धान्यात ठरला होता : १८० बुशेल गहू आणि २४ बुशेल मका. बुशेल हे तिकडचं धान्याचं माप, आपल्या पायली-मणासारखं. पुढच्या वर्षी विहीर खणली. खडक फोडत पासष्ट फूट खाली गेल्यावर पाणी लागलं, पण ती विहीर वारंवार आटायची. मग डोंगराखालच्या झऱ्यांवरून पाणी वर वाहून आणावं लागे. पुढे म्हातारपणी त्यांनी छपरावरचं पावसाचं पाणी साठवायला चार टाक्या बांधल्या, त्याही बराच काळ गळत होत्या. डोक्यावरून पाणी वाहिलेल्या बाईला हे वाचताना पहिला प्रश्न पडतो की ते पाणी वर आणत कोण होतं? त्या प्रश्नाकडे मी येतेच.

घराचा नकाशा जेफरसन यांनी स्वतः काढला. त्या काळी तिथं वास्तुविद्या शिकवणारं कॉलेज नव्हतं. पॅलाडिओ या इटालियन वास्तुकाराचं पुस्तक हाच त्यांचा गुरू. विटा डोंगरावरच, तिथल्याच मातीच्या पाडल्या. लाकूड बरंचसं त्यांच्याच जंगलातलं होतं.

१७७० च्या फेब्रुवारीत ते राहत होते ते वडिलांचं घर जळालं. पुस्तकं आणि कागदपत्रं गेली. त्या वर्षाच्या नोव्हेंबरात ते डोंगरावर राहायला गेले, तेव्हा तिथं विटांची एक छोटी इमारत तेवढी तयार होती. वरती एक खोली, खाली स्वयंपाकघर. १ जानेवारी १७७२ ला त्यांचं लग्न मार्था यांच्याशी झालं आणि त्याच महिन्यात, भर बर्फात, ते बायकोला घेऊन त्या एका खोलीत आले. मार्था यांना पुरं झालेलं घर कधी दिसलंच नाही. दहा वर्षांत सहा बाळंतपणं झाली, त्यातल्या दोनच मुली मोठ्या झाल्या. शेवटच्या बाळंतपणानंतर, सप्टेंबर १७८२ मध्ये, त्या गेल्या. तेव्हाही घराचं काम चालूच होतं.

१७८४ साली जेफरसन फ्रान्सला गेले आणि पाच वर्षं तिथं राहिले. पॅरिसमध्ये घुमट असलेला एक नवा वाडा बांधला जात होता, तो पाहायला ते पुन्हा पुन्हा जात. परत आल्यावर त्यांना आपलं घर जुन्या पद्धतीचं वाटू लागलं. शेजारणीचं नवं स्वयंपाकघर पाहून आल्यावर आपला ओटा कसा दिसतो, ते आपल्याला ठाऊक आहे! १७९६ साली त्यांनी घराचा वरचा मजला पाडायला घेतला. घराची रुंदी दुप्पट करायची, बाहेरून ते एकमजली दिसेल पण आत तीन मजले असतील, आणि वर घुमट, असा नवा आराखडा होता. हे काम तेरा-चौदा वर्षं चाललं. मधली आठ वर्षं, १८०१ ते १८०९, ते राष्ट्राध्यक्ष होते. देशाचा कारभार पाहता पाहता घराच्या कामाच्या सूचनाही पत्रानं पाठवत होते. १८०९ मध्ये ते कायमचे घरी आले तेव्हा घर बहुतांशी झालं होतं. तरी पश्चिमेकडच्या पडवीला खांबांच्या जागी झाडांचे बुंधे उभे होते, आणि तसेच आणखी बरीच वर्षं राहिले.

घर सुंदर आहे यात शंका नाही. प्रवेशदालनात त्यांनी योजलेलं एक मोठं घड्याळ आहे. तोफेचे गोळे त्याची वजनं म्हणून दोरीला लावले आहेत आणि ते जसजसे खाली उतरतील तसा भिंतीवर वार दिसतो. पण भिंतीची उंची आठवड्याला पुरली नाही. म्हणून जमिनीला भोक पाडलं, आणि शनिवार तळघरात गेला! जेवणघरातल्या शेकोटीच्या कडेला छोटे पाळणे आहेत, त्यांतून दारूच्या बाटल्या तळघरातून वर येत. पलंग भिंतीतल्या कोनाड्यांत बसवलेले आहेत.

आता हे घर बायकांच्या नजरेनं पाहा. मोठा जिना जागा आणि पैसा खातो, म्हणून जेफरसन यांनी जिने अवघे दोन फूट रुंद ठेवले, तेही चढणीचे. त्याच जिन्यांवरून घरातल्या बायका लांब घोळदार झगे सावरत, कडेवर मूल घेऊन चढायच्या, आणि नोकर पाण्याचे जग आणि सरपण घेऊन चढायचे. ज्या घुमटासाठी आधीचं घर पाडलं, त्याखालच्या खोलीत शेकोटी नाही, आणि तिथं पोचायला तेच जिने. ती खोली फारशी वापरात आलीच नाही. शेवटी अडगळीचं सामान तिथं जाऊ लागलं. आपल्याकडे हौसेनं बांधलेल्या माडीवर कांदे पसरलेले असतात, तसंच.

शिवाय माँटिचेलो पुरतं होण्याआधीच, १८०६ साली, त्यांनी तिथून दोन-तीन दिवसांच्या वाटेवर दुसरं घर बांधायला काढलं. त्याचं नाव पॉप्लर फॉरेस्ट, आकार अष्टकोनी. कारण काय, तर पहिल्या घरी पाहुण्यांची फार गर्दी होते, म्हणून निवांतपणासाठी आणखी एक घर हवं.

आता पाणी वाहणाऱ्यांकडे येते. जेफरसन यांच्या मालकीचे आयुष्यभरात सहाशेहून अधिक गुलाम होते. आफ्रिकेतून पकडून आणलेल्यांची ही लेकरं-नातवंडं. त्यांना मजुरी नव्हती, सोडून जाण्याची मुभा नव्हती, आणि त्यांची मुलं जन्मतःच मालकाची. १३५ माणसं सासऱ्यांच्या वारशातून आली. त्याबरोबर सासऱ्यांचं कर्जही आलं. गोरे कारागीर मजुरीवर होते, पण माथा उकरण्यापासून पाणी आणि सरपण वाहण्यापर्यंतच्या कष्टाचा मोठा भार गुलामांवर होता. १७९४ मध्ये डोंगरावर खिळे करण्याचा कारखाना निघाला. त्यात दहा ते सोळा वर्षांची मुलं दिवसभर भट्टीपाशी खिळे ठोकत. त्या खिळ्यांच्या विक्रीवर मालकाच्या घरचा किराणा चाले.

यातल्या दोघांची नावं लक्षात ठेवा. पहिलं नाव जॉन हेमिंग्ज. ते सुतार होते. आयर्लंडहून आलेल्या एका कसबी सुताराच्या हाताखाली शिकून त्या कामात निष्णात झाले. घरातलं सुंदर लाकूडकाम, कितीतरी फर्निचर त्यांच्या हातचं. दुसऱ्या घराचं लाकूडकामही त्यांनीच केलं. त्यांना लिहिता येत होतं. कामाची हकिगत कळवणारी त्यांची पत्रं आजही जपलेली आहेत. त्यांच्या बहिणीचं नाव सॅली. सॅली या जेफरसन यांच्या दिवंगत पत्नीच्या सावत्र बहीण, कारण दोघींचे वडील एकच. पण आई गुलाम, म्हणून सॅलीही गुलाम. सॅलींच्या मुलांचे वडील जेफरसनच होते, असं आज बहुतेक इतिहासकार मानतात. १९९८ साली झालेल्या डीएनए तपासणीनंतर माँटिचेलो सांभाळणाऱ्या संस्थेनंही ते स्वीकारलं. सॅलींचे मुलगे जॉनमामांच्या हाताखाली सुतारकाम शिकले. म्हणजे वडिलांच्या घराच्या चौकटी आणि दारं मुलगे करत होते, आणि त्या घरात त्यांचं स्थान गुलामाचं होतं.

दुसरं नाव एडिथ फॉसेट. त्या स्वयंपाकीण. जेफरसन राष्ट्राध्यक्ष असताना पंधरा-सोळा वर्षांच्या एडिथना राजधानीत नेऊन फ्रेंच आचाऱ्याच्या हाताखाली शिकवलं. १८०९ पासून माँटिचेलोचं स्वयंपाकघर त्यांच्याकडे होतं. ज्या जेवणाची वाखाणणी दूरदूरचे पाहुणे करत, ते त्यांच्या हातचं. त्यांचे पती जोसेफ तिथलेच लोहार.

आणि हिशेब? जेफरसन हिशेब लिहिण्यात अतिशय काटेकोर. रोजचा खर्च लिहीत. शेतीची वही वेगळी, तिच्यात गुलामांची नावं, जन्मसालं, कोणाला किती कापड दिलं, कोणाला कांबळं दिलं, हे सगळं नीट लिहिलेलं आहे. पण मिळकतीपेक्षा खर्च वाढतोय हे त्या वह्यांतून त्यांना कधी दिसलं नाही, किंवा दिसून थांबता आलं नाही. सासऱ्यांचं कर्ज, बांधकाम, पाहुणचार, वाइन, पुस्तकं, आणि वर एका स्नेह्याच्या कर्जाला राहिलेली जामीनकी, असं ते वाढत गेलं. १८१५ मध्ये त्यांनी साडेसहा हजारांच्या आसपास पुस्तकं सरकारला विकली आणि २३,९५० डॉलर घेतले. त्यातले बरेच देणेकऱ्यांकडे गेले. मग त्यांनी पुन्हा पुस्तकं घ्यायला सुरुवात केली.

४ जुलै १८२६ ला, जाहीरनाम्याला बरोबर पन्नास वर्षं झाली त्या दिवशी, ते वारले. त्यांची शवपेटी जॉन हेमिंग्ज यांनी केली. मागे कर्ज राहिलं एक लाख सात हजार डॉलर. मृत्युपत्रात पाच गुलामांना मुक्त केलं होतं. त्यात जॉन, जोसेफ आणि सॅलींचे दोन मुलगे होते. बाकीच्यांना नाही.

जानेवारी १८२७ मध्ये माँटिचेलोवर लिलाव झाला. घरातलं सामान, गुरं, अवजारं आणि १३० माणसं. जोसेफ यांना मुक्तीचा शब्द मिळालेला होता, पण एडिथ आणि त्यांची मुलं त्या यादीत होती. ती वेगवेगळ्या घरांत विकली गेली. मुलगा पीटर तेव्हा अकरा वर्षांचा होता. घरही राहिलं नाही. वडिलांचा संसार सांभाळलेल्या लेकीला ते सोडावं लागलं आणि १८३१ मध्ये ते विकलं गेलं. चाळीस वर्षं बांधलेलं घर त्यांच्यामागे जेमतेम पाच वर्षं घरच्यांकडे टिकलं.

मैत्रिणींनो, इथं मला आपलं शास्त्र आठवलं. गृहस्थाला घर बांधावंच लागतं. खणताना, चूल पेटवताना, पाणी वापरताना जी हिंसा घडते तिला आपण आरंभी हिंसा म्हणतो. श्रावकाला ती पूर्ण टाळता येत नाही, यत्नपूर्वक कमी करता येते. म्हणून घर बांधणं हे पाप, असं मी म्हणत नाही. पण परिग्रह-परिमाण व्रताचे अतिचार जिथं सांगितले आहेत, त्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात परिग्रहाची यादी येते. जमीन आणि घर पहिले. मग चांदी-सोनं, गुरंढोरं आणि धान्य, दासी-दास, कपडेभांडी. ही यादी मी कितीदा ऐकली होती. या वेळी ‘दासी-दास’ पाशी थांबले. आपल्याकडेही माणूस मालमत्तेच्या यादीत होता, धान्य आणि भांड्यांच्या मध्ये. चंदना कौशांबीच्या बाजारात विकली गेली, ती कथा आपण डोळ्यांत पाणी आणून ऐकतो. पण तो बाजार आपल्याच देशातला होता आणि विकत घेणारा भला शेठ होता, हे विसरतो. तेव्हा जेफरसन यांच्याकडे बोट दाखवायला माझा हात उचलला नाही.

मला जे कळलं ते असं. नकाशाला आपला असा शेवट नसतो. एक खोली झाली की दुसरी सुचते, आणि प्रत्येक खोलीला कारणही चांगलंच असतं. म्हणून व्रत घेताना मर्यादा आधी ठरवायची असते. नंतर ठरवू म्हटलं, तर ती वाढलेल्या घराच्या मापाची होते. आणि मर्यादा न पाळण्याची किंमत नेहमी बांधणाराच मोजतो असं नाही. माँटिचेलोत ती एडिथ आणि अकरा वर्षांच्या पीटरनं मोजली. घुमट हवा की नको, हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

आमच्या विटा भट्टीवरून आल्या त्या दिवशी मी ट्रॅक्टरमागे उभी होते. त्या पाडणाऱ्या बायका उचल घेऊन दूरच्या गावाहून आलेल्या असतात आणि उचल फिटेपर्यंत त्यांना जाता येत नाही, हे मला आधीही माहीत होतं. माहीत असून विटांचा भाव मात्र मी घासाघीस करून ठरवला होता.

त्या रात्री यांच्याशी आणि सासूबाईंशी बोलले. वाद झाला, खोटं कशाला सांगू? माडी नको म्हटल्यावर यांना राग आला. लोक काय म्हणतील, मुलं मोठी झाली की जागा कुठे, असं सगळं निघालं. सासूबाई शेवटी एवढंच म्हणाल्या, “मी दोन खोल्याच सांगितल्या होत्या.” आम्ही माडी काढून टाकली. खोल्या किती आणि कर्ज किती, ते वहीत लिहून खाली तिघांनी सही केली. माडीचा जो पैसा वाचला त्यातला काही गवंडी-बिगाऱ्यांसाठी पत्र्याची सावली, बायकांसाठी न्हाणीघर आणि गाळलेल्या पाण्याचा माठ, यांवर खर्च केला. दर बाजारच्या दिवशी मजुरी चुकती. उरलेल्या विटांना भट्टीवाल्यानं सांगितलेला भाव दिला. भट्टीवरच्या बायकांपर्यंत त्यातलं किती पोचलं ते मला सांगता येणार नाही, म्हणून यात पुण्य मिळवलं असं मी मानत नाही.

काम करणाऱ्या सगळ्यांची नावंही वहीत लिहायला घेतली होती. मग जेफरसन यांची वही आठवली. त्यांच्याही वहीत नावं होतीच, कांबळ्यांच्या हिशेबासकट. नाव लिहिलं म्हणजे माणूस ओळखला असं होत नाही. आता दुपारच्या सुट्टीत चहा घेऊन मी तिथं बसते, एवढंच.

एक सांगायचं राहिलं. लोहार जोसेफ मुक्त झाल्यावर घणावर राबून पैसा जमवत राहिले आणि दहा वर्षांत त्यांनी एडिथ आणि काही मुलांना सोडवून आणलं. पुढे ते कुटुंब ओहायो राज्यात, जिथं गुलामगिरी नव्हती तिथं, स्थायिक झालं. पीटर मात्र आणखी तेवीस वर्षं गुलामीत राहिले. लपूनछपून लिहायला-वाचायला शिकले, इतरांना शिकवलं, पळून जाण्याचा प्रयत्न केला आणि पकडले गेले. शेवटी १८५० च्या सुमारास नातलगांनी पैसे भरून त्यांना सोडवलं. पुढे ते धर्मोपदेशक झाले आणि पळून आलेल्या गुलामांना मदत करत राहिले. १९०० साली, पंच्याऐंशीच्या घरात असताना, ते माँटिचेलो पाहायला परत आले. या वेळी पाहुणे म्हणून.

दरवर्षी लाखो लोक ते घर पाहतात. आता तिथं घुमटाबरोबर स्वयंपाकघर आणि सुतारशाळेचीही हकिगत सांगतात. आमचं घर पाहायला कोणी येणार नाही. ते दिवाळीपर्यंत पुरं होईल असं गवंडी म्हणतो. दोन खोल्या, सोपा, स्वयंपाकघर, आणि देव्हाऱ्याला पूर्वेची जागा.